रिकाम्या चौकोनाचं उत्तर

वासुकीबाईंनी चौतीस वर्षं तंजावूरच्या शाळेत गणित शिकवलं होतं. त्यामुळे "शंभर टक्के" हे शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. वर्ग शंभर टक्के पास झाला म्हणजे एक तर पेपर फुटला असावा, नाहीतर तपासणाऱ्याला घरी जायची घाई असावी. तिसरं कारण त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

ते एका रविवारी सकाळी जिना चढून त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर, तिथल्या मराठी संघाचा हॉल आहे. दर रविवारी दहा वाजता वासुकीबाई तिथे मुलांना देवनागरी शिकवायच्या. घरात मराठी बोलायचं, शाळेत तमिळ आणि इंग्रजी लिहायचं, आणि देवनागरी बघायची ती फक्त देवाच्या तसबिरीखाली, अशी तिथल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. ती मोडायला बाई निघाल्या तेव्हा बारा मुलं आली होती. सात टिकली. ती सात आता जोडाक्षरांपर्यंत पोचली होती, आणि जोडाक्षरांवर वर्ग थांबवणं म्हणजे अर्ध्या शिजल्या भाताखालचा गॅस बंद करणं, हे स्वयंपाक येणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

जिना चढून आले ते संघाचे सेक्रेटरी राघवेंद्रराव. हातात कागद, चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचा आनंद.

"टीचर, अभिनंदन! तुमचा वर्ग आता बंद करूया."

"याला अभिनंदन म्हणतात होय, राघवेंद्र?"

"काम फत्ते झालं की! आपल्या संघात एकशे शेहेचाळीस कुटुंबं. एकशे शेहेचाळीसच्या एकशे शेहेचाळीस कुटुंबांनी लिहून दिलंय, आम्हाला देवनागरी वाचता येतं. शंभर टक्के! मग शिकवायचं कुणाला? अजून दोन रविवार घ्या. पुढे हॉल साईरामला देतो. अबॅकसचा क्लास काढतोय बिचारा."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. समोरची सात मुलं पाटीवरच्या 'क्ष'कडे बघत बसली होती. त्यातल्या नऊ वर्षांच्या विनुताला तो गेले तीन आठवडे येत नव्हता.

हा शंभर टक्क्यांचा चमत्कार कुठून आला, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या स्वतः त्यात भाजून निघाल्या होत्या.

गोष्ट अशी, की मागल्या वर्षी संघाने कागदाचे फॉर्म वाटले होते, आणि लोकांनी नाव लिहून बाकीचा कागद कोरा परत दिला होता. राघवेंद्ररावांना ते फार लागलं. यंदा त्यांनी गणेशकुमारला बोलावलं. गणेशकुमार चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा, वेबसाइटी बनवायचा. त्याला हुकूम झाला, "फॉर्म फोनवर पाहिजे, आणि एकही रकाना रिकामा राहता कामा नये. एकही!"

गणेशकुमारने हुकूम पाळला. प्रत्येक प्रश्नापुढे लाल चांदणी लावली, म्हणजे तो भरणं सक्तीचं. नावापुढे चांदणी, पत्त्यापुढे चांदणी, ते ठीकच होतं. पण खाली पाच छोटे चौकोन होते, टिक करायचे. तमिळमध्ये लिहिलं होतं: मला देवनागरी वाचता येते. मला मधुमेह आहे. मी स्नेहभोजनाच्या वेळी गाणार आहे. लग्न जमवण्याच्या यादीत आमच्या घरचं नाव घालावं. आणि शेवटी, वरील सर्व माहिती खरी आहे. त्या पाचांपुढेही चांदण्या.

वासुकीबाईंनी फॉर्म भरला. देवनागरीपुढे टिक केली, मधुमेह नव्हता म्हणून तो चौकोन सोडला, गळा नव्हता म्हणून गाणं सोडलं, एकुलती मुलगी दोन लेकरांची आई झालेली म्हणून लग्न सोडलं, आणि सगळं खरं आहे असं सांगून बटण दाबलं. फॉर्म जागचा हलला नाही. तीन चौकोनांखाली लाल अक्षरं उगवली: हे भरणं आवश्यक आहे.

"भरलंय की रे बाबा," बाई फोनला म्हणाल्या. "नाही आहे, म्हणून नाही भरलं."

फोनला काही ते पटलं नाही. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा दाबलं. जेवण करून दाबलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन दाबलं, रेंज तिथे बरी येते म्हणून. शेवटी हरल्या, आणि एका दमात मधुमेही, गायिका आणि लग्नघर होऊन बसल्या. फॉर्म सुळ्ळकन गेला. वर हिरवी अक्षरं आली: धन्यवाद.

एकशे शेहेचाळीस घरांत हेच घडलं होतं.

तेव्हा बाईंनी त्या रविवारी राघवेंद्ररावांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "तो फॉर्म टिक केल्याशिवाय पुढे जात नाही. लोकांनी हो म्हटलं नाही, त्यांच्याकडून म्हणवून घेतलंय."

"खालचा चौकोन वाचलात ना टीचर? 'सर्व माहिती खरी आहे.' तोही सगळ्यांनी टिक केलाय."

"तोही केल्याशिवाय पुढे जात नाही!"

"म्हणजे आपली माणसं खोटं लिहितात म्हणता?"

"मग सगळ्यांना मधुमेह आहे?"

"आजकाल शुगर कुणाला नाही, टीचर?"

"आणि सगळे गाणार?"

"तंजावूर आहे हे!"

"आणि प्रत्येक घरात लग्न?"

"तो रकाना," राघवेंद्रराव जरा आवाज उतरवून म्हणाले, "मी अजून उघडला नाही."

मग त्यांनी एक शहाणपण केलं. तिथल्या तिथे तीन घरी फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. "तुम्हाला देवनागरी वाचता येतं ना? तुम्ही तसं लिहून दिलंय." तिन्ही घरून एकच उत्तर आलं. "हो हो, येतं की." तिसरा फोन महालक्ष्मीचा, म्हणजे विनुताच्या आईचा. ती तर म्हणाली, "लहानपणापासून येतं, अण्णा." विनुताने पाटीवरून डोकं वर काढलं, बाईंकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातलं.

इथे या माणसांचा स्वभाव सांगायला हवा. ही माणसं दुकानदाराने जास्तीची लवंग दिली तरी परत नेऊन देणारी. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि म्हणूनच एकदा खोटं हातून घडून गेलं की ते कबूल करणं त्याहून जमत नाही. सेक्रेटरीने जाहीर विचारलं, की आपण सही करून दिलेल्या शब्दाला जागायचं. अगदी तो शब्द फोनने हात धरून लिहवून घेतलेला असला तरी.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच गणेशकुमारच्या घरी गेल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी. आठवीत असताना ऋण संख्यांवर रुसला होता. त्याने लगबगीने खुर्चीवरचे कपडे उचलले आणि आईला कॉफी टाकायला सांगितलं.

"गणेशा, तुझ्या फॉर्मने माझा वर्ग खाल्ला."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप फिरवून दाखवला. "टीचर, आवश्यक म्हणजे रिकामं नको. टिक नसलेला चौकोन रिकामा असतो. मग अडवायलाच पाहिजे. लॉजिक बरोबर आहे."

मुलाने चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने दिलं की बाईंना आतून आनंद व्हायचा. आता शिकवायला जागा झाली, असं वाटायचं.

"तू पंगतीत बसलास," त्या म्हणाल्या. "वाढपी रसम घेऊन आला. वाढू का, म्हणाला. तू पानावर हात आडवा धरलास. त्याने काय करायचं?"

"पुढे जायचं."

"का? तुझं पान तर तेवढ्या जागी रिकामं राहिलं."

"मी नको म्हटलं ना."

"म्हणजे रिकाम्या जागेनेही उत्तर दिलं. तुझा वाढपी काय करतो माहीत आहे? रसम घेईपर्यंत समोरून हलत नाही. मग डांगर पचडी घेऊन येतो, ती घेईपर्यंत हलत नाही. पोट फुटायला आलेला माणूस म्हणतो, वाढ बाबा एकदाचं, मला ताकापर्यंत पोचू दे. आणि वाढपी आत जाऊन सांगतो, सगळ्यांना रसम फार आवडलं, शंभर टक्के!"

स्वयंपाकघरातून गणेशकुमारची आई हसली. गणेशकुमारही हसला, पण लगेच त्याच्यातला वेबसाइटवाला जागा झाला. "पण टीचर, काही चौकोन सक्तीचे ठेवावेच लागतात. 'माहिती खरी आहे' हा चौकोन सोडून कसं चालेल?"

"बरोबर. ती देवळाबाहेर काढायची चप्पल. काढल्याशिवाय आत जायचं नाही. तिथे प्रश्न विचारलेलाच नाही, अट घातलीय. तिथे अडव खुशाल. पण 'तुम्हाला शुगर आहे का' ही अट नाही, चौकशी आहे. चौकशीला 'नाही' हे उत्तर चालतं."

"आणि एखाद्याने प्रश्न वाचलाच नाही तर? मुद्दाम रिकामं सोडलं की नजर गेली नाही, ते फॉर्मला कसं कळणार?"

बाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. हा प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नाला त्या कधी घाईने उत्तर देत नसत.

"मी हजेरी घेताना कुणी ओ दिली नाही, तर तो नाहीये की झोपलाय, हे मलाही कळत नसे," त्या म्हणाल्या. "म्हणून ज्या गोष्टीवर काही अवलंबून आहे, तिथे एकच चौकोन ठेवूच नये. 'आहे' आणि 'नाही' दोन्ही लिहावं. सुरुवातीला दोन्ही कोरे. मग त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ नको म्हण. ती सक्ती शोभते, कारण तिच्यात नाही म्हणायला जागा आहे."

गणेशकुमारने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे फिरवला. "दोन गोल बटणं," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि लग्नाचा चौकोन नुसताच सोडायचा, चांदणी काढून. ज्याला पाहिजे तो टिक करील. अर्ध्या तासाचं काम आहे, टीचर."

"मग कर."

"सेक्रेटरींनी सांगितल्याशिवाय कसं करू? त्यांनी तीनदा बजावलंय, रिकामा रकाना दिसला तर बघ. आणि ते शंभर टक्क्यांवर इतके खूश आहेत..." तो ओशाळला. "लोकांनीच त्यांना येत नाही म्हणून सांगितलं, तर ऐकतील."

लोक सांगणार नव्हते. बाई घरी आल्या आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की वर्ग आता जातो.

पण शंभर टक्क्यांचा एक गुण असतो. ज्याच्या हाती लागतात, त्याला ते स्वस्थ बसू देत नाहीत. राघवेंद्ररावांनी ठरवलं, की यंदाच्या स्नेहभोजनाची पत्रिका संपूर्ण देवनागरीत छापायची. तमिळ नको, इंग्रजी नको. मजकूर लिहून द्यायला त्यांनी वासुकीबाईंनाच सांगितलं.

"राघवेंद्र, खाली दोन ओळी तमिळमध्येही टाक."

"शंभर टक्के, टीचर!"

बाईंनी मग वाद घातला नाही. सुवाच्य अक्षरात दिवस, वेळ, जागा लिहिली. यंदा जेवण हॉलमध्ये नसून ओरत्तनाडुच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात आहे, हे लिहिलं. प्रत्येक घराने कोणता पदार्थ करून आणायचा, तेही लिहिलं. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी पत्रिका घरोघर गेल्या.

पहिला फोन बुधवारी संध्याकाळीच आला, मुरलीकृष्णाचा. "टीचर, पत्रिका मिळाली. फार सुंदर. फक्त माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. काय लिहिलंय की?"

दुसरा फोन अर्ध्या तासाने. "टीचर, आमच्याकडे करंट गेलाय. अंधारात दिसेना."

बाईंनी खिडकीतून बघितलं. ते घर समोरचंच होतं, आणि त्यांचा टीव्ही रंगात आला होता.

गुरुवारी नऊ फोन आले. कुणाच्या पत्रिकेवर सांबार सांडलं होतं. कुणाचं पान नेमकं घडीवर फाटलं होतं. लक्ष्मीप्रियाने सांगितलं, की तिला सगळं वाचता आलं, फक्त अर्थ एकदा ताडून बघायचा आहे, तेव्हा टीचरनी आधी म्हणावं. ब्याऐंशी वर्षांच्या वेंकूबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. "वासुकी, मला 'ग' सुद्धा येत नाही, आणि माझ्या नवऱ्यालाही येत नव्हता. पण तू कुणाला सांगू नको, आमी खरं आहे म्हणून टिक केलंय."

बाईंना प्रत्येकाला वाचून दाखवता आलं असतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. मग त्यांच्या मनात आलं, की आता फोनवर मी वाचून दाखवलं तर सगळे वेळेवर जेवायला जातील, राघवेंद्र म्हणेल बघा, सगळ्यांनी पत्रिका वाचली, आणि विनुताचा 'क्ष' जन्मभर अडकून पडेल. तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

"रविवारी दहा वाजता हॉलमध्ये या. येताना पत्रिका आणा. तिथे वाचू."

प्रत्येकाला वाटलं, हे गुपित आपल्या एकट्यापुरतं आहे.

रविवारी, म्हणजे शेवटच्या वर्गाच्या दिवशी, दहाला पाच कमी असताना जिन्यावर पहिल्या दोघांची गाठ पडली. दोघांनी पत्रिका पाठीमागे लपवल्या. मग तिसरा आला. सव्वादहापर्यंत हॉलमध्ये चाळीस माणसं झाली, आणि पत्रिका लपवायला पाठी पुरेनात.

"तुमी कसे काय?"

"मी सहजच. तुमी?"

"मी पण सहजच."

"चष्मा मिळाला वाटतं?"

"हो, मिळाला. तुमचा करंट?"

मागून वेंकूबाईंचा आवाज आला, "पुरे की आता. अस्की चोरं, सगळीच्या सगळी, एकाच ठिकाणी आलीत. बसा खाली."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग हॉलभर हशा पसरला, आणि आठवडाभर छातीवर घेतलेला दगड उतरल्यासारखी माणसं सतरंजीवर बसली. महालक्ष्मी मात्र दाराशीच उभी होती. विनुताने सरकून शेजारी जागा केली आणि म्हणाली, "ये अम्मा. मी दाखवते."

बाईंनी पत्रिका वाचली नाही. सात मुलांना पुढे बोलावलं आणि एकेकाला एकेक ओळ दिली. मुलं वाचू लागली. हळूहळू, अडखळत, बोट ठेवून. 'स्नेहभोजन' म्हणायला एका मुलाला तीन श्वास लागले, पण तो शेवटपर्यंत गेला. मोठी माणसं आपापल्या पत्रिकेवर त्याच्याबरोबर बोट सरकवत होती. कार्यालय ओरत्तनाडुच्या रस्त्यावर आहे हे कळल्यावर मुरलीकृष्ण ओरडला, "अय्यो, मी तर इथेच जेवायला येणार होतो!" आणि बघता बघता कळलं, की सगळेच इथेच येणार होते.

त्याच गोंधळात राघवेंद्रराव आणि साईराम जिना चढून आले. साईरामच्या हातात मापाची टेप होती, टेबलं कुठे मावतील ते बघायला.

"टीचर, एवढी माणसं? शेवटच्या वर्गाचा सत्कार आहे वाटतं?"

"बस, राघवेंद्र," बाई म्हणाल्या. "एक ओळ उरलीय. तू वाच."

त्यांनी पत्रिका पुढे केली. राघवेंद्ररावांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. चाळीस माणसं त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी वर्गातली मुलं फळ्यापाशी अडकलेल्या मुलाकडे बघतात, म्हणजे थोड्या दयेने आणि बऱ्याच मजेने.

"मीही टिक केलंय," राघवेंद्रराव अखेर म्हणाले. "फॉर्म जाईना हो."

कुणी हसलं नाही. प्रत्येकाला ती लाल अक्षरं आठवली असावीत. वेंकूबाईंनी फक्त सतरंजीवर हात आपटून शेजारची जागा दाखवली.

राघवेंद्रराव बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी गणेशकुमारला फोन लावला. गणेशकुमारने बदललेला फॉर्म बाई येऊन गेल्या त्या सोमवारीच करून ठेवला होता. न विचारता लावायची हिंमत नव्हती, एवढंच. पाच मिनिटांत तो चाळीस फोनांवर आला. आता देवनागरीपुढे दोन गोल होते, येते आणि येत नाही. मधुमेहापुढेही दोन होते. गाण्याच्या आणि लग्नाच्या चौकोनांपुढची चांदणी गेली होती. एकच चौकोन सक्तीचा राहिला होता, माहिती खरी असल्याचा, आणि या वेळी तो माणसांनी जरा थांबून, विचार करून टिक केला.

राघवेंद्ररावांनी आकडे मोठ्याने वाचले. हॉलमध्ये चाळीस फोन. देवनागरी येणारे तीन. त्यात एक वासुकीबाई, एक साईराम, जो पुण्याच्या कॉलेजात शिकून आला होता, आणि एक कुणीतरी चुकून दाबलेलं, त्याने लगेच हात वर करून माफी मागितली. मधुमेह अकरा. गाणारं कुणी नाही.

"दोन," राघवेंद्रराव म्हणाले. "एकशे शेहेचाळीस म्हणत होतो मी."

"दोन हा चांगला आकडा आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्यापुढे मोजता येतं."

साईरामने टेप गुंडाळून खिशात टाकली. "सेक्रेटरी सर, मला शनिवार द्या. रविवारी इथे जागाच नाही."

"शनिवार घे. रविवार टीचरचा," राघवेंद्रराव म्हणाले, आणि संघाच्या इतिवृत्ताच्या वहीत त्यांनी तिथेच तसं लिहिलं, तमिळमध्ये.

साडेअकरा झाले होते. बाईंनी सांगितलं, पत्रिका वाचून झाली, मोठ्यांनी आता घरी जायला हरकत नाही. मुलांचा धडा उरलाय, तो घेते. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पितळी घंगाळ आपटून बघत होतं. हॉलमध्ये कुणी उठेना. मुरलीकृष्णाने विनुताच्या पाटीत डोकावून विचारलं, "हा कोण गं?"

"हा 'क्ष'," विनुता म्हणाली. "हा अवघड आहे. तुम्हाला नाही यायचा."

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर 'क' काढला, त्याच्या शेजारी 'ष', आणि पुढे दोघांचा मिळून 'क्ष', मागच्या रांगेलाही दिसेल इतका मोठा.